आक्काच्या वाट्याचं तण

अनगोळ, बेळगाव
आषाढ शुद्ध द्वादशी

तीर्थस्वरूप मालुआक्कास,

धाकट्या नागोजीचा साष्टांग दंडवत. (तो कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्षात घालायला परड्यात मोकळी जमीन उरलेली नाही, आणि तोच या पत्राचा विषय आहे.) इकडे आम्ही दोघं तुझ्या आशीर्वादानं बरे आहोत, म्हणजे माझं ब्लडप्रेशर गोळीच्या धाकात आहे आणि तुझ्या भावजयीची कंबर पावसाळ्यापुरती कुरकुरते आहे, ती दिवाळीला थांबेल. तिकडे तुझा नवा गुडघा कसा आहे? त्याला सदलग्याची हवा मानवली का? आणि म्हशीनं लाथ मारायचं सोडलं का? (हे दोन प्रश्न शेजारी शेजारी आले म्हणून रागावू नकोस. ऑपरेशनला दोन महिने झाले नाहीत तोवर तू स्टूल घेऊन धार काढायला बसलीस, ही बातमी माझ्यापर्यंत आली आहे. कुणाकडून आली ते सांगणार नाही, पण रविराजला बोलू नकोस, पोरगा तुझा असला तरी भाचा माझा आहे.)

आता तू म्हणशील, घरात दोन-दोन फोन असताना ह्यानं कागद का काळा केला? तर आक्का, गेल्या आठ दिवसांत मी तुला अकरा फोन केले. त्यातले नऊ तू उचललेच नाहीस आणि दोन उचलून, माजघरातून बोलावं इतक्या स्पष्ट आवाजात, "रेंज न्हाय रं" म्हणून ठेवलेस. कागदाला रेंज लागत नाही. शिवाय पोस्टमन सगळ्या गल्लीदेखत हातात देईल तेव्हा तुला घ्यावाच लागेल. चष्मा लाव आणि स्वतः वाच. रविराजकडून वाचून घेऊ नकोस, तो मधला मजकूर गाळतो आणि या पत्रात जे काही आहे ते मधेच आहे.

तर मुद्द्यावर येतो. तुझा निरोप पोचला. रविराजनं तो तुझ्याच आवाजात, हात कमरेवर ठेवून सांगितला असावा, कारण फोनवरसुद्धा मला तो हात दिसला. "नागोजीला म्हणावं, तुझ्या परड्यात आता तण न्हाय, मग पंचमीला येऊन मी करू काय? पाहुणीगत पाटावर बसून खाऊ व्हय? माझी वाट बघू नगो." वाचतेस ना, काय बोललीस ते? लग्न झाल्यापासून एक्कावन्न नागपंचम्या तू अनगोळात केल्यास. लॉकडाऊनच्या साली अख्खा देश दाराला कडी लावून बसला होता, तेव्हा तू कोबीच्या टेम्पोत पोत्यांवर बसून आलतीस, आणि वाटेत अडवलं तर दाखवायला पास म्हणून हातात खुरपं धरलं होतंस. (कुणी अडवलं नाही. त्या खुरप्याकडे आणि तुझ्या तोंडाकडे बघून मीही अडवलं नसतं.) आणि आता बावन्नाव्या पंचमीला झाडाच्या सालीपायी येणार नाहीस? आप्पा गेले, आई गेली, शेताचे प्लॉट पडून तिथे तीन मजली घरं झाली. आपलं म्हणावं असं घरामागचं परडं तेवढं राहिलं. त्याला माहेर म्हणायला तू येतेस, म्हणून ते माहेर आहे. तू आली नाहीस तर मी नुसता एका सर्व्हे नंबरात राहतो. हे मी फोनवर बोललो नसतो, लाज वाटली असती. म्हणून कागद.

आता प्रकरण मुळापासून ऐक, म्हणजे दोष कुणाचा ते तुझं तूच ठरव. सुरुवात आमच्या सौम्यानं केली. (पोरीवर ढकलतोय असं तू म्हणणारच, पण ढकलायला मला दुसरं आहे कोण?) मे महिन्यात ती बेंगळुरूहून चार दिवस आली, मागच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, पप्पा, किती हे तण! आमच्या अपार्टमेंटच्या बागेत औषधाला काडी सापडत नाही. तिथे म्हणे झाडांच्या बुंध्याभोवती आणि वाफ्यांच्या मधून लाकडाच्या साली पसरतात, चांगला चार बोटं थर. खाली ऊन जात नाही म्हणून तण उगवत नाही, ओल टिकते, आणि दीड-दोन वर्षांत साल कुजून तिचं खत होतं. मी म्हणालो, यात नवीन ते काय, आप्पा उसात पाचट पसरायचे ते हेच की. तर म्हणाली, हो, पण हे दिसायला छान असतं. फोनवर तिनं सालींच्या तयार पिशव्याही दाखवल्या. पिशवी उशीएवढी. आपल्या परड्याला अशा किती उशा लागतील आणि त्यांचे किती पैसे होतील ते तिनं तिथल्या तिथे काढलं, मला दाखवलं, आणि मग आम्ही दोघं थोडा वेळ दुसऱ्या विषयावर बोललो.

पण माझ्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. तुला माहीत आहे, एकतीस वर्षं मी ऑफिसात दुसऱ्यांच्या फायलींवर "चर्चा करावी" एवढंच लिहिलं. निवृत्तीनंतर तरी एखादं काम स्वतःच्या डोक्यानं करावं असं वाटत होतं. सौम्या परत गेली आणि दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून खानापूर रोडच्या एका लाकडाच्या वखारीत गेलो. तिथे करवतीमागे सालींचा ढीग होता, आपल्या जुन्या गोठ्याएवढा. मालक धारवाडकडचा, मराठी बेतास बात. मी त्याला माझ्या ऑफिसच्या कन्नडमध्ये आच्छादन, ओल, तणनिर्मूलन वगैरे समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, इदु वलीगे हाकूदु." म्हणजे ही चुलीत घालायची वस्तू आहे. (हे वाक्य लक्षात ठेव. मी ठेवलं नाही, तिथेच चुकलो.) पुढे म्हणाला, पाहिजे तर न्या, फुकट न्या, पण अट एकच, ढीग अर्धा न्यायचा नाही, सगळा न्यायचा. आक्का, फुकट आणि सगळा हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर आपल्या घराण्यातला कोणता माणूस थांबला असता? आप्पांनी एकदा असंच फुकट मिळालं म्हणून मोडलेल्या रहाटाचं चाक घरी आणलं होतं, ते अजून मागच्या भिंतीला टेकून आहे.

ढीग दोन टेम्पो झाला. पहिला टेम्पो आला तेव्हा तुझी भावजय पीठ आणायला गिरणीत गेली होती. ड्रायव्हरला मागच्या बोळात वळता येईना, म्हणून त्यानं माल पुढच्या दारासमोर रस्त्यावरच ओतला. दारात एवढा मोठा लाकूडफाट्याचा ढीग, त्याच्या शेजारी मी बनियनवर, घामाघूम, डोकं धरून उभा, आणि घरात बाईमाणसाचा आवाज नाही. समोरचे मारुतीराव (मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले, तुला पेरू चोरून नेतात असा संशय आहे तेच) गॅलरीतून हे बघत होते. पाचव्या मिनिटाला ते खांद्यावर टॉवेल टाकून खाली आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "कवा?" मला वाटलं टेम्पो कधी आला असं विचारतायत. मी म्हणालो, आत्ताच, अर्धा तास झाला. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "सौम्याला कळीवलं?" मी म्हणालो, तिचीच तर ही सगळी कल्पना. यावर ते माझ्याकडे जे बघायला लागले ते मी जन्मात विसरणार नाही. तेवढ्यात तुझी भावजय पिठाचा डबा डोक्यावर घेऊन कोपऱ्यावरून वळली आणि लांबूनच ओरडली, "आता ह्यो काय उकिरडा आणलायसा?" मारुतीरावांनी टॉवेल खांद्यावरून काढून तोंड पुसलं आणि घरी गेले. त्या दिवसापासून ते तिच्याशी फार आदरानं बोलतात.

बाकी पसरायचं काम मी एकट्यानं केलं, पाच दिवस. आधी सगळं तण उपटून घेतलं (तुझ्यासारखं नाही, तू मुळासकट काढतेस, मी वरच्या वर कुरतडतो), माती भिजवली, आणि शेवग्यापासून विहिरीपर्यंत, जास्वंदीखाली, केळीच्या मधून, वांग्याच्या वाफ्याच्या कडेनं साल पसरली. बुंध्याला चिकटू द्यायची नाही, वीतभर मोकळं सोडायचं, हे सौम्या फोनवरून सांगत होती. खरं सांगतो, झाल्यावर इतकं सुरेख दिसलं की मी खुर्ची टाकून संध्याकाळभर बघत बसलो. तपकिरी रंग, ओल्या लाकडाचा वास, कुठे एक हिरवी काडी नाही. त्याच आनंदात मी फोटो काढला, तुला धाडला आणि वर बोलून ठेवलं की आक्का, यंदा तुला तण भांगलायचं काम ठेवलं नाही, तू नुसती ये आणि बस. सदलग्याच्या बाईला नुसती बस म्हणालो! इतकी वर्षं तुझा भाऊ असून मला अक्कल आली नाही.

पण तुझ्या भावाचं सुख देवालाही बघवत नाही. पंधरा दिवसांत मला दिसायला लागलं की साल कमी होते आहे. आज जास्वंदीखाली टक्कल, उद्या केळीपाशी. आधी वाटलं घूस. मग वाटलं वाळवी. मग एकदा मनात मारुतीरावांचंही नाव आलं, ते मी लगेच काढून टाकलं. (पूर्ण नाही.) शेवटी एके दिवशी पहाटे साडेपाचला चहाही न घेता न्हाणीघरामागे दबा धरून उभा राहिलो. तर कोण आलं? तुझी भावजय. कमरेवर पाटी, डोक्यावर पोत्याची खोळ, गुणगुणत गुणगुणत आली, माझ्या बागेतल्या निवडक कोरड्या साली बघून पाटीत भरल्या आणि निघाली बंबाकडे! आक्का, मृगापासून इकडे सूर्य दिसलेला नाही, गच्चीवरचं सोलर हातपाय धुण्यापुरतंसुद्धा तापत नाही, आणि ती रोज माझ्या बागेवर बंब पेटवत होती. मी आडवा आलो. चोरी पकडली म्हणून मी आवाज चढवला तर मलाच म्हणते, "पंधरा दिस आंघोळ करताना वा वा, लई झकास पाणी तापलंय म्हणत होता, तवा न्हाय सुचलं इचारायला?" पाणी खरंच झकास तापत होतं. वखारीच्या मालकानं सांगितलंच होतं.

मग तह झाला. पसरून उरलेला, विहिरीकडे रचलेला अर्धा ढीग बंबाचा, पसरलेली साल बागेची. तह झाला आणि त्याच आठवड्यात अनगोळात असा पाऊस पडला की मागच्या बोळाचा ओढा झाला. साल पाण्यावर तरंगते ही गोष्ट मला शाळेत कुणीतरी शिकवली असणार, पण बागेच्या बाबतीत ती मला सुचली नव्हती. मी खिडकीतून बघतोय आणि माझी बाग फाटकाखालून बाहेर निघाली आहे. रांगेनं, शिस्तीत, बोळातून खाली. कोपऱ्यावर गटारीच्या जाळीला जाऊन ती अडली आणि पाणी मारुतीरावांच्या पायरीला लागलं. छत्री एका हातात आणि तुझ्या भावजयीचीच ती पाटी दुसऱ्या हातात घेऊन मी दोन तास स्वतःच्या साली वेचत होतो. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती आणि प्रत्येकजण एकेक सूचना देत होता. मारुतीराव मात्र खाली उतरून, पँट दुमडून माझ्याबरोबर वेचायला लागले. (पेरूचा संशय मी या पत्राद्वारे मागे घेतो. तूही घे.) पाऊस थांबल्यावर मी परड्याच्या कडेनं विटा लावल्या, हे सौम्यानं आधीच सांगितलं होतं आणि मी, उगीच कशाला, म्हणालो होतो.

एवढ्यावर भागलं नाही. ओल्या सालीतून शेवग्याखाली अळंबी उगवली. पांढरी, छत्रीसारखी, एवढी देखणी की मारुतीराव मसाला कसा करायचा इथपर्यंत पोचले. त्यांच्या मते ती खायची, माझ्या मते न खायची, आणि तुझी भावजय म्हणाली, वन्सं बघून सांगतील, तोवर हात लावायचा न्हाय. मग आम्ही तिघं फोन घेऊन अळंबीपुढे उभे राहिलो आणि तुला व्हिडिओ कॉल लावला. तू उचलला नाहीस. (तो नऊपैकी चौथा.) दोन दिवस वाट बघून अळंबी काळी पडली. आता ती कोणती होती हे कुणालाच कधी कळणार नाही. मारुतीराव अजून हळहळतात आणि तुझ्याविषयी विचारतात.

आता तुला हवी ती बातमी सांगतो. साल हरली, आक्का. सपशेल हरली. तण परत आलं आहे आणि असं आलं आहे की विचारू नकोस. सालीच्या फटीफटीतून हराळी, केना, लव्हाळा. विहिरीकडे तर गुडघ्याएवढं माजलं आहे, काल माझी चप्पल त्यात हरवली ती अजून सापडली नाही. वांगी दिसत नाहीत. तुळशीपर्यंत जायला वाट राहिली नाही. मी खुरपं घेऊन बसतो, पण माझ्या हाताला घोळ कुठली आणि गवत कुठलं ते कळत नाही. तू भांगलायला बसायचीस तेव्हा खायची भाजी तुझ्या ओटीत आपोआप वेगळी व्हायची, तांदुळसा एकीकडे, घोळ एकीकडे, पाथरीची पानं वरच्या वर, आणि उरलेलं मारुतीरावांच्या गाईला. तुझी भावजय तुझ्यामागे बसून हात चालवायची आणि तोंडही. तू इथे राहायचीस त्या पंधरा दिवसांत माझ्याविषयीच्या सगळ्या तक्रारी तुझ्याकडे व्हायच्या, तू दोन शिव्या मला हासडायचीस आणि वर्षभराचं मिटून जायचं. यंदाच्या तक्रारी तिच्याकडे तुंबल्या आहेत, ती त्या आता मला थेट सांगायला लागली आहे. पंचमीच्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचं नाही म्हणून तू दिवसभर पायरीवर बसून तणाकडे बघत चुळबुळ करायचीस आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत खुरप्याचा आवाज यायचा. त्या आवाजानं मला जाग यायची. तेव्हा बरं वाटायचं, आक्का. घरात मोठं माणूस आहे असं वाटायचं.

तेव्हा राग सोड आणि ये. तुझं खुरपं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला, आईनं ठोकलेल्या खिळ्यालाच आहे. मी त्याला तेल लावलं आहे. रविराजला, सूनबाईला आशीर्वाद. म्हशीला काही सांगू नये.

तुझा धाकटा भाऊ,
नागोजी

ता. क. १ : पत्र बंद करायच्या आधी तुझ्या भावजयीनं वाचलं. तिचं म्हणणं, तीर्थस्वरूप लिहिलेल्या माणसाला खोटं लिहू नये. तेव्हा वरच्या मजकुरात दुरुस्ती. बंब, पूर, अळंबी आणि मारुतीराव हे सगळं खरं आहे. तण मात्र खोटं आहे. एवढी जाळून, एवढी वाहून जाऊनसुद्धा साल चार बोटं उरली आहे आणि परड्यात तणाची एक काडी नाही. हराळीसुद्धा नाही. वांगी उत्तम दिसतात. चप्पल दारातच आहे. सौम्याचं बरोबर निघालं, हे तिला कळवू नये.

ता. क. २ : साल तिच्या सांगण्यावरून आणली हेही पूर्ण खरं नाही. ती यायच्या आधीच तण घालवायचं मी मनात ठरवलं होतं, उपाय तेवढा सापडत नव्हता. दवाखान्यात तुझे टाके काढले त्या दिवशी मी तुझ्या उशाशी होतो. डॉक्टरांनी विचारलं, आजी, काही शंका? दुसऱ्या कुणी चालता कधी येईल ते विचारलं असतं. तू विचारलंस, "भांगलाय कवा बसू?" ते म्हणाले, उकिडवं आता कधीच बसायचं नाही. तू मान भिंतीकडे केलीस. मला एवढंच सुचलं की परड्यात तणच नसेल तर तुला बसावं लागणार नाही आणि बसता येत नाही याचं वाईटही वाटणार नाही. त्यातून तुला वाटलं, भावानं माझं काम काढून घेतलं. तसं नाही गं. पण तसंच झालं, हे मला आता कळतं.

ता. क. ३ : आता खरं काम. हे मी पत्राच्या सुरुवातीलाच लिहिणार होतो, पण धीर झाला नाही. गोठ्यातली आप्पांची दगडी डोण तुला आठवते ना, बैल पाणी प्यायचे ती? मारुतीरावांना आणि आणखी चौघांना हाताशी घेऊन ती मी शेवग्याखाली आणून चार मोठ्या दगडी खांडक्यांवर चढवली आहे. खाली भोकं पाडून आत माती भरली आहे. शेजारी हाताची खुर्ची ठेवून मी स्वतः बसून बघितलं. गुडघा वाकवावा लागत नाही, हात आरामात पोचतो. तुझ्यासाठीच केली आहे. यंदा तू खुर्चीत बसून भांगलायचं, तुझी भावजय पायाशी बसून तक्रारी सांगेल, मी शिव्या खायला समोर उभा राहीन. अडचण एकच आहे. माती मी नर्सरीतून आणली, ती इतकी निर्मळ निघाली की तीत तण यायला तयार नाही. पंधरा दिवस पाणी घालतोय. काल एक गाजरगवत आलं, तेही मरतुकडं. म्हणून हात जोडून मागणं, की तुझ्या बांधावरची दोन घमेली माती, घोळ, तांदुळसा आणि पाथरीच्या बियांसकट, रविराजबरोबर लगेच पाठव. पंचमीला तेवीस दिवस आहेत. तेवढ्यात दुसरं काही येत नाही, तण येतं. तणासाठी तुझ्या भावानं कधी कुणापुढे पदर पसरला नव्हता, आता पसरला आहे.

ता. क. ४ (हे अक्षर माझं, जयाचं) : वन्संना नमस्कार. ह्यांनी तणाला पाणी घालायला नवी झारी आणली आहे. सकाळ-संध्याकाळ त्या डोणीत डोकं घालून बघत असतात, माणसं हसतात. माती पाठवा, आणि तण उगवायची वाट न बघता तुम्ही मातीबरोबरच या. विहिरीकडचा ढीग अजून बराच उरला आहे, मी जपून जाळते आहे. गुडघ्याला रोज ऊन ऊन पाणी मिळेल.